रडत नाही म्हणजे दुखत नाही?

मुलांच्या वॉर्डातली माझी पहिली ड्युटी मला अजून आठवते. नर्सिंगचं दुसरं वर्ष होतं. तीन-साडेतीन वर्षांच्या एका मुलाला सलाईन लावायचं होतं आणि शीर सापडत नव्हती. एकीनं पाय धरले, एकीनं डोकं, हात माझ्याकडे आले. आईला बाहेर थांबवलं होतं. चौथ्यांदा टोचल्यावर सुई बसली, तोवर मुलाचा आवाज बसला होता.

नंतर हात धुताना मी वॉर्डच्या सिस्टरना विचारलं, ‘‘सिस्टर, याला दुखू नये म्हणून आधी काही देता येत नाही का?’’ त्या काही कठोर मनाच्या नव्हत्या. भरलेला वॉर्ड त्या एकट्या सांभाळत होत्या. म्हणाल्या, ‘‘अगं, मुलं पाच मिनिटांत विसरतात. बघ, आता झोपेल तो.’’ मूल खरंच झोपलं. मी नोंदवहीत लिहिलं, ‘सलाईन सुरू केले. रुग्ण शांत.’

पुढे मी शिकवायला लागले, विद्यार्थिनींच्या नोंदवह्या तपासायला लागले आणि ‘रुग्ण शांत’ हे शब्द मला टोचू लागले. ते मूल शांत झालं होतं की दमलं होतं? आणि मुलं विसरतात, हे कुणी कधी मोजलं होतं?

असे प्रश्न बहुधा विद्यार्थ्यांनाच पडतात. अनुभवी नर्सला दिसत नाही असं नव्हे, पण रोज तेच पाहून डोळ्यांना सवय होते. विद्यार्थिनीची नजर नवी असते. मात्र प्रश्न पडला तरी तो मोजायचा कसा, आपण आपलीच फसवणूक करत नाही ना हे तपासायचं कसं, हे तिला ठाऊक नसतं. ते शिक्षकाला ठाऊक असतं. या दोघी मिळून कामाला लागल्या की काय घडू शकतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण मुलांच्या वेदनेचंच आहे.

पंचवीस मुलं, चोवीस डोस

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात जोॲन ईलँड नावाची नर्स पदव्युत्तर शिक्षण घेत होती. १९७४ साली तिनं जो प्रबंध सादर केला, त्यात महागडं यंत्र नव्हतं की नवं औषध नव्हतं. शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या २५ लहान मुलांचे केसपेपर तिनं पाहिले आणि शस्त्रक्रियेनंतर कुणाला किती वेळा वेदनाशामक दिलं गेलं, एवढंच मोजलं.

२५ पैकी १३ मुलांना एकदाही वेदनाशामक मिळालं नव्हतं. उरलेल्या १२ जणांना मिळून एकूण २४ डोस दिले गेले होते. ही काही किरकोळ दुखणी नव्हती. अपघातात पाय गमावलेलं मूलही त्यांत होतं.

नुसत्या या आकड्यांवर कुणी म्हणू शकलं असतं, की अशा शस्त्रक्रियांनंतर तेवढंच लागत असेल. म्हणून तशाच आजारांच्या १८ प्रौढ रुग्णांचे केसपेपर शेजारी ठेवले गेले. त्या १८ जणांना मॉर्फिनच्या जातीच्या वेदनाशामकांचे ३७२ आणि इतर वेदनाशामकांचे २९९ डोस मिळाले होते. एका बाजूला २४, दुसऱ्या बाजूला ६७१.

या तुलनेत मला शिक्षकाचा हात दिसतो. ‘मुलांना वेदनाशामक कमी मिळतं’ हे वॉर्डात उभं राहून जाणवू शकतं. पण ‘कमी म्हणजे कुणाच्या मानानं?’ हा प्रश्न विचारायची सवय संशोधनाच्या शिस्तीतून येते. ईलँड आणि जेन अँडरसन यांनी मिळून लिहिलेलं प्रकरण १९७७ साली नर्सिंगच्या प्राध्यापक ॲडा जॅकॉक्स यांनी संपादित केलेल्या वेदनेवरच्या पुस्तकात आलं आणि मग हे आकडे जगभर पोचले.

पंचवीस मुलं म्हणजे फारच लहान नमुना. त्यावरून साऱ्या जगाविषयी बोलता येत नाही, हा आक्षेप योग्यच होता. त्याला उत्तर मिळालं ते पुढच्या मोजण्यांतून. नर्सिंगमधल्या संशोधक ज्युडिथ बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली हृदयशस्त्रक्रिया झालेली ५० मुलं आणि ५० प्रौढ यांची तुलना केली. एकूण वेदनाशामकांपैकी साधारण ७० टक्के प्रौढांना आणि ३० टक्के मुलांना मिळाली होती. १९८६ साली डॉक्टरांच्या एका गटानं ९० मुलं आणि ९० प्रौढ घेऊन पाहिलं, तेव्हाही प्रौढांना मिळालेले डोस मुलांच्या दुपटीच्या आसपास निघाले. लहान प्रबंधानं दाखवलेली दिशा खरी ठरली.

‘दुखतंय का?’ ‘नाही!’

असं का होत होतं? डॉक्टर-नर्स निर्दय होते म्हणून नक्कीच नाही. मुलांची मज्जासंस्था अजून पुरती तयार झालेली नसते, त्यामुळे त्यांना आपल्याइतकं दुखत नाही, असा समज तेव्हा पाठ्यपुस्तकांतही होता. मॉर्फिनसारख्या औषधानं मुलाचा श्वास मंदावेल ही भीती होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. शिवाय अशी औषधं बहुधा ‘गरज लागेल तेव्हा’ अशा सूचनेसह लिहिली जात. गरज लागली की नाही हे ठरवायचं कुणी? नर्सनं. आणि ती कशावरून ठरवायची? मुलाला विचारून.

इथं एक मेख होती. औषध सुईवाटे दिलं जाई. वेदनेनं कळवळणाऱ्या मुलाला ‘दुखतंय का रे?’ असं विचारलं, की ते सिस्टरच्या हातातल्या ट्रेकडे बघून ‘नाही’ म्हणे. आतापर्यंत सगळ्यांत जास्त काय दुखलं, असं ईलँड यांनी मुलांना विचारलं, तेव्हा जवळपास निम्म्या मुलांचं उत्तर ‘सुई’ हे होतं. पोट फाडलेलं असो की हाड मोडलेलं, मनात राहिली ती सुई.

आपल्याला हे नवं वाटू नये. ‘रडलास तर डॉक्टरकाका सुई देतील’ हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येतं. ज्या गोष्टीची आपण शिक्षा म्हणून धमकी देतो, तीच पुढे उपचार म्हणून मुलासमोर येते. मग त्यानं खरं सांगावं, अशी अपेक्षा कशी करायची?

म्हणून ईलँड यांनी नंतर मुलांना रंग दिले. सगळ्यांत जास्त दुखण्यासाठी एक रंग, मधल्यासाठी दुसरा, थोड्यासाठी तिसरा, अजिबात नाही यासाठी चौथा. कुठला रंग कशाचा, हे मुलानंच ठरवायचं. मग कागदावरच्या माणसाच्या आकृतीत जिथं जसं दुखतंय तिथं तो रंग भरायचा. ‘दुखतंय का’ला ‘नाही’ म्हणणारी मुलं आकृतीवर पोट लाल करून दाखवत. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची जी पट्टी आज अनेक रुग्णालयांच्या भिंतीवर दिसते, तिचाही जन्म १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला असाच झाला. अमेरिकेतल्या टल्सा शहरात, भाजलेल्या मुलांसोबत काम करताना डोना वाँग ही नर्स आणि रुग्णालयात मुलांचा ताण हलका करण्याचं काम करणारी कोनी बेकर यांनी ती मुलांकडूनच चेहरे काढून घेत तयार केली.

ज्याला बोलताच येत नाही

दुखणं म्हणजे ज्याला ते होतंय तो सांगेल ते, असा विचार मार्गो मॅकॅफरी या नर्सनं १९६८ साली मांडला होता. आजही नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना तो शिकवला जातो. तो मोलाचा आहे, पण त्यात एक फट आहे. जे सांगूच शकत नाही, त्याचं काय? सात महिन्यांत जन्मलेल्या, काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाचं काय?

१९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया अनेक ठिकाणी जेमतेम भूल देऊन होत. स्नायू शिथिल करणारं औषध दिलं की बाळ हलत नसे, आणि हलत नाही म्हणजे ठीक आहे असं मानलं जाई. या समजाला मोठा धक्का ऑक्सफर्डमधून बसला. इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेले कंवलजीत सिंग आनंद तिथं शिष्यवृत्तीवर संशोधन करत होते. आनंद आणि त्यांचे मार्गदर्शक आल्बर्ट एन्सली-ग्रीन यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी अकाली जन्मलेल्या बाळांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं मोजली. १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला. वेदनाशामक मिळालेल्या बाळांमध्ये ताण बराच कमी आणि नंतरची गुंतागुंतही कमी होती. इथंही विद्यार्थी आणि शिक्षक, आणि इथंही विद्यार्थ्याला पडलेला साधा प्रश्न.

पण प्रत्येक वेळी रक्त काढून संप्रेरकं मोजता येत नाहीत. नर्सला तर दिवसातून अनेकदा बाळाच्या टाचेला टोचावं लागतं, नळ्या बदलाव्या लागतात. तिला खाटेशेजारी उभ्या उभ्या कळायला हवं. हे काम कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात झालं. बॉनी स्टीव्हन्स तिथं नर्सिंगमध्ये पीएच.डी. करत होत्या आणि सेलेस्ट जॉन्स्टन या प्राध्यापकांसोबत अकाली बाळं वेदनेला कसा प्रतिसाद देतात याचा अभ्यास करत होत्या. त्यातून पुढे, आणखी दोन सहकाऱ्यांना घेऊन, १९९६ साली अकाली बाळांची वेदना मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध झाली. ‘पिप’ या नावानं ती ओळखली जाते.

तिच्यात सात गोष्टी पाहतात. तीन चेहऱ्यावरच्या: कपाळ फुगून भुवया जवळ येणं, डोळे घट्ट मिटणं, नाकापासून ओठांकडे जाणारी घडी खोल होणं. दोन यंत्रावर दिसणाऱ्या: हृदयाचे ठोके किती वाढले आणि रक्तातला प्राणवायू किती घसरला. उरलेल्या दोन मात्र विचार करायला लावणाऱ्या आहेत. बाळ किती आठवड्यांचं आहे आणि टोचण्याआधी ते जागं होतं की गाढ झोपेत. प्रत्येक गोष्टीला शून्य ते तीन गुण. बाळ जितकं कमी आठवड्यांचं, तितके त्याला जास्त गुण. गाढ झोपेत असेल तरी जास्त गुण.

असं उलटं का? कारण अठ्ठावीस आठवड्यांच्या आतल्या बाळाकडे रडण्याची ताकदच नसते. त्याचा चेहरा थोडासा आक्रसतो आणि तेवढ्यानंच ते दमतं. पूर्ण दिवसांच्या बाळाचा मापदंड लावला तर ते ‘शांत’ ठरेल. खरं तर त्याचा तो थोडासा प्रतिसादच फार मोठा असतो. म्हणून हे जादा गुण. मी हे विद्यार्थिनींना शिकवते तेव्हा दर वर्षी एखादी तरी हळूच म्हणते, ‘‘म्हणजे मॅडम, सगळ्यांत गप्प बाळाकडे आधी बघायचं.’’ तिला धडा कळलेला असतो.

मोजता येऊ लागल्यावर उपायही तपासता आले. आईच्या उघड्या छातीशी बाळाला धरून ठेवायची कांगारू पद्धत १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा इथं सुरू झाली होती, ती बाळांना ऊब मिळावी म्हणून. जॉन्स्टन, स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवलं, की ३२ ते ३६ आठवड्यांच्या बाळांच्या टाचेतून रक्त घेताना ती आईच्या छातीशी असतील, तर वेदनेचे गुण कमी येतात. औषध नाही, खर्च नाही. आई जवळ हवी, एवढंच. आणि आम्ही तिलाच बाहेर थांबवत होतो.

आपल्या कपाटातले काळे पुठ्ठे

आता आपल्याकडे येऊ. भारतात नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर इथं सुरू झाला. आज बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला संशोधन हा विषय असतो आणि सहा-आठ जणांच्या गटानं, एका शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली प्रकल्प करावा लागतो. एम.एस्सी.ला स्वतंत्र प्रबंध असतो. महाराष्ट्रात बहुतेक महाविद्यालयं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत. म्हणजे दर वर्षी शेकडो गट, शेकडो प्रश्न आणि ते घेऊन वॉर्डात, अंगणवाडीत, वस्तीत फिरणारी मुलं-मुली. एवढं मोठं मनुष्यबळ आरोग्याच्या दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात खाटेच्या इतकं जवळ असेल, असं मला वाटत नाही.

त्यातून होतं काय? कुठल्याही नर्सिंग कॉलेजच्या ग्रंथालयात जा. काळ्या पुठ्ठ्यात सोनेरी अक्षरांनी बांधलेल्या प्रबंधांच्या रांगा दिसतील. त्यांतल्या बऱ्याच जणांचा साचा एकच असतो. एखाद्या विषयावर साठ जणांची पूर्वचाचणी घ्यायची, तासाभराचं व्याख्यान आणि तक्ते, आठ दिवसांनी तीच चाचणी पुन्हा. गुण वाढतात. वाढणारच. ज्या प्रश्नांची उत्तरं कालच सांगितली ते आज विचारले तर कोण नापास होईल? निष्कर्ष लिहिला जातो, ‘शिक्षण कार्यक्रम परिणामकारक ठरला.’ पुठ्ठा बांधला जातो. वॉर्डात काहीही बदलत नाही.

हे मी दुरून बोलत नाही. अनेक वर्षं मीसुद्धा असेच विषय वाटले. वेळ कमी, गट जास्त, परीक्षा तोंडावर. साच्यातला विषय दिला की काम वेळेत होतं. एका वर्षी एका गटाला बाळांच्या लसीकरणावर काही करायचं होतं. मी सवयीनं म्हटलं, ‘‘मातांच्या ज्ञानावर करा.’’ त्यातली एक मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, मातांना काय माहीत आहे त्यापेक्षा, टोचताना आपण काय करतो ते बघू या का?’’ मी तिला काय उत्तर दिलं हे लिहायला मला आजही संकोच वाटतो. मी म्हटलं, ‘‘ते अवघड पडेल, परवानग्या लागतील.’’ प्रश्न तिचा बरोबर होता. शिस्त देण्याचं काम माझं होतं आणि मी ते टाळलं.

सोबतीनं केलेलं संशोधन इथंच मोडतं. शिक्षक विषय ‘देतो’, विद्यार्थी माहिती ‘गोळा करतात’ आणि शेवटी नावांचा क्रम ठरवताना खाटेशेजारी उभं राहिलेलं माणूस मागे पडतं. ज्याच्या हातात आपले गुण आहेत, त्या शिक्षकाला ‘आपण चुकतोय’ असं म्हणणं विद्यार्थ्याला सोपं नसतं. ते म्हणता येईल अशी जागा शिक्षकानं करून द्यावी लागते.

आणखी एक अवघड प्रश्न

साच्याबाहेरचे, चांगले प्रबंधही आपल्याकडे होतात. टोचताना बाळाला स्तनपान दिलं तर, दुपट्यात गुंडाळलं तर, हातपाय हलकेच पोटाशी दुमडून धरले तर वेदना कमी होते का, असे विषय एम.एस्सी.चे विद्यार्थी घेतात. हे उत्तमच. पण एक गोष्ट थांबून पाहायला हवी.

असा अभ्यास करताना बाळांचे दोन गट करतात. एका गटाला आराम देणारा उपाय, दुसऱ्याला काहीच नाही, आणि मग तुलना. जेव्हा उत्तर माहीत नव्हतं, तेव्हा हे योग्य होतं. पण आता? स्तनपानाबद्दल २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १० अभ्यासांतल्या १,०६६ बाळांची माहिती एकत्र केली गेली. नवजात काळ ओलांडलेल्या बाळांना लस टोचताना पाजलं, तर ती कमी वेळ रडतात आणि वेदनेचे गुणही कमी येतात, हे त्यात स्पष्ट दिसलं. गोड द्रावणाबाबत तर डेनिस हॅरिसन या नर्स-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० सालीच म्हटलं होतं, की पुरावा पुरेसा आहे. बाळांच्या एका गटाला काहीच न देता टोचण्याचे अभ्यास आता पुन्हा पुन्हा करू नयेत. या मांडणीत स्टीव्हन्सही होत्या.

उत्तर माहीत असताना तुलनेसाठी बाळाला आराम नाकारणं, हे संशोधन नव्हे. लहान मुलांवरच्या अभ्यासाला पालकांची संमती लागतेच. शिवाय भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. पण सहा आठवड्यांचं बाळ होकार देत नाही की नकार देत नाही. त्याच्या वतीनं हा प्रश्न विचारायचं काम मार्गदर्शकाचं आहे. विद्यार्थ्यानं कितीही उत्साहानं आराखडा आणला तरी, ‘हे आधीच कळलेलं आहे, मग तुलना कशासाठी?’ असं म्हणणं शिक्षकाला जमलं पाहिजे.

मग पुढच्या विद्यार्थिनीला प्रश्न उरला तरी कुठला? माझ्या मते सगळ्यांत मोठा. माहीत आहे, तर आपण करत का नाही?

त्यासाठी अवघड साधनं लागत नाहीत. गटानं लसीकरणाच्या चार सत्रांना हजर राहावं. किती मातांना ‘आधी पाजायला घ्या’ असं सांगितलं गेलं, हे मोजावं. दोघींनी वेगवेगळं मोजून आकडे जुळतात का पाहावं, म्हणजे आपल्याला हवं ते दिसलं असं होणार नाही. मग लस देणाऱ्या सिस्टरशी बोलावं. अडचण नेमकी कशाची आहे? रांगेची? आईला बसायला खुर्ची नसण्याची? आडोशाची? की पाजताना टोचलं तर बाळाला ठसका लागेल या भीतीची? कारण कळलं की बदल करून पाहावा, एक खुर्ची किंवा एक पडदा, आणि पुन्हा चार सत्रं मोजावीत. यात कुणालाही आराम नाकारलेला नाही. आणि अभ्यास संपेल तेव्हा निदान त्या केंद्रात एक खुर्ची तरी वाढलेली असेल. काळ्या पुठ्ठ्यापेक्षा ती जास्त काळ कामी येईल.

लस टोचून घेताना

या साऱ्यातून आपल्या घरी काय न्यायचं? जागतिक आरोग्य संघटनेनं सप्टेंबर २०१५ मध्ये लसीकरणाच्या वेळची वेदना कमी करण्याबाबत आपली भूमिका जाहीर केली. त्यातल्या गोष्टी सोप्या आहेत.

अंगावर पिणारं बाळ असेल तर टोचण्याच्या थोडं आधी पाजायला घ्या आणि टोचताना चालू ठेवा. आपल्याकडे आई टोचून झाल्यावर बाळाला पदराखाली घेते. काम तेच, फक्त थोडं आधी. ठसका लागण्याची भीती अनेकांना वाटते, पण अभ्यासांमध्ये तसा धोका दिसलेला नाही. रोटाव्हायरसची तोंडावाटे द्यायची लस असेल तर ती सुईच्या आधी दिली जावी.

तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला टेबलावर आडवं दाबून धरण्यापेक्षा आईनं किंवा बाबांनी जवळ घेऊन धरावं. दोन-तीन सुया असतील तर जी जास्त झोंबते ती शेवटी द्यायला सांगा. लस टोचताना सुईचा दट्ट्या आधी मागे ओढून पाहायची गरज नसते, त्यानं दुखणं वाढतं. हे सिस्टरना ठाऊक असतं. टोचताना दुखू नये म्हणून आधीच तापाचं औषध पाजू नका. नंतर ताप आला तर आरोग्यसेविका सांगतील त्याप्रमाणे द्या. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, त्यातून गंभीर आजार होऊ शकतो.

थोड्या मोठ्या मुलाशी खोटं बोलू नका. ‘काही दुखणार नाही’ असं सांगितलं आणि दुखलं, तर पुढच्या वेळी ते आपल्यावर विश्वास ठेवणार नाही. ‘थोडं टोचेल, मग संपेल, मी इथंच आहे’ हे पुरेसं आहे. साबणाचे फुगे उडवायला द्या, भिंगरी फुंकायला द्या, गोष्ट सांगा. आणि सुईची धमकी, कृपा करून, आजपासून बंद करा.

आणखी एक. तुमचं मूल दाखल असताना नर्सिंगचे विद्यार्थी वही घेऊन आले, काही विचारायला लागले, तर त्यांना हाकलू नका. हा अभ्यास कशासाठी, त्यातून माझ्या मुलाला किंवा पुढच्या मुलाला काय मिळेल, असं जरूर विचारा. नकार देण्याचा अधिकार तुम्हाला आहेच. पण उत्तर पटलं तर वेळ द्या. ईलँडच्या प्रबंधातली ती पंचवीस मुलं नसती, तर तुमच्या मुलाच्या खाटेवर चेहऱ्यांची पट्टी कदाचित लटकली नसती.

आता मी माझ्या विद्यार्थिनींना ‘रुग्ण शांत’ असं लिहू देत नाही. जे दिसलं ते लिहा, असं सांगते. ‘तीन वेळा टोचावे लागले. सतरा मिनिटे रडला. आई जवळ नव्हती. नंतर झोपला.’ जागा जास्त लागते, सही करताना सिस्टर कधी कधी कपाळाला आठ्या घालतात. पण वर्षाअखेरीस विषय निवडायची वेळ येते तेव्हा मी मुलींना त्याच नोंदवह्या उघडायला लावते. विषय मी देत नाही. तो त्या पानांवर आधीच लिहिलेला असतो.